मोकळे आठ ठोके

१

गिटार शिकायला येणाऱ्या माणसांचे दोन प्रकार असतात. एकाला गिटार कधीच येणार नाही हे पहिल्या दिवशी कळतं, दुसऱ्याच्या बाबतीत कळायला तीन आठवडे लागतात. तिसरा प्रकार मी बावीस वर्षांत पाहिलेला नाही.

मी जॅझ वाजवतो. वाजवायचो म्हणा. आता नळ आणि बेसिन विकणाऱ्या दुकानाच्या वर, दुसऱ्या मजल्यावरच्या संगीतवर्गात, चार नंबरच्या खोलीत शिकवतो. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून भिंतींना जुने गालिचे ठोकलेत. कोणाच्या डोक्यातून निघालं कोण जाणे, पण खोलीला बाराही महिने ओल्या बुटांचा वास येतो. समोरासमोर दोन खुर्च्या आहेत. दाराकडे तोंड असलेली, उशीवाली, माझी. दाराकडे पाठ असलेली, बुटकी, शिकणाऱ्याची. माणूस खाली बसला की वर बघतो, आणि वर बघणाऱ्याला शिकवणं सोपं जातं.

तासाच्या शेवटची पाच मिनिटं मी विद्यार्थ्याच्या फोनवर घरचा अभ्यास रेकॉर्ड करून देतो. मी आठ ठोके वाजवतो, मग आठ ठोके गप्प बसतो. पुन्हा आठ वाजवतो, पुन्हा आठ गप्प. शिकणाऱ्यानं घरी हे लावायचं आणि माझ्या गप्प बसण्यात आपलं उत्तर वाजवायचं. ही माझी पद्धत. शेजारच्या तीन नंबरमधला व्हायोलिनवाला ती उचलून स्वतःची म्हणून खपवतो. खपवू दे. त्याच्या विद्यार्थ्यांचं वाजवणं ऐकलं की खालच्या दुकानातले नळ बरे वाटतात.

मंगळवारी तीनला एक दातांची डॉक्टर येते. पन्नाशीची, नीटनेटकी, नखं बारीक कापलेली. प्रकार दुसरा. त्या दिवशी ती गिटार न काढताच बसली.

"सर, एक सांगू? राग नका मानू."

"राग यावा इतकं तुम्ही अजून वाजवलेलं नाही. बोला."

"ते मोकळे ठोके असतात ना, त्यात तुम्ही च्च करता. मी वाजवायच्या आधीच. माझा हात आखडतो हो."

शिकवताना मी च्च करतो हे खरं आहे. समोरचा चुकला की जीभ आपोआप टाळूला लागते आणि सुटते. काहीजण त्यावरून रडलेही आहेत. पण रेकॉर्ड करताना वाजवणारा मी एकटा. तिथं च्च करणार कोणाला?

"घरी जाऊन कान तपासून घ्या," मी म्हणालो.

फोन काढून तिनं समोरच्या स्टँडवर ठेवला आणि रेकॉर्डिंग लावलं.

२

माझी गिटार. आठ ठोके. मग पंख्याची घरघर. पुन्हा गिटार, पुन्हा घरघर. तिसऱ्यांदा माझी गिटार थांबली आणि त्या मोकळ्या जागेत, अगदी जवळून, च्च.

बारीक, ओला, कंटाळलेला आवाज. माझाच. आणि त्याहून वाईट म्हणजे तो योग्य जागी होता. शेवटच्या सुराला माझं बोट शेजारच्या तारेला किंचित घासलं होतं. डॉक्टरला ते सात जन्मांत ऐकू आलं नसतं. मलाही वाजवताना आलं नव्हतं.

मी स्वतःशी हिशोब मांडला. आपली जीभ दिवसभर काय करते हे कोणाला कळतं? सवय आहे, निघाला असेल आवाज. तरी पुढच्या मंगळवारी रेकॉर्ड करण्याआधी मी तोंडभर पाणी घेतलं. तोंडात पाणी असताना च्च करता येत नाही, करून बघा. गाल फुगवून मी वाजवायला लागलो आणि डॉक्टर काळजीनं माझ्याकडे बघत राहिली. शेवटी तिच्यातला धंदा जागा झालाच.

"सर, हिरड्या दुखतायत का?"

मी हातानं तिला गप्प केलं. आठ ठोक्यांच्या दुसऱ्या वाक्यात मी मुद्दाम एक सूर चुकवला, ढळढळीत. बाकी सगळं स्वच्छ वाजवलं. पाणी खिडकीतल्या कुंडीत थुंकलो आणि दोघांनी मिळून ऐकलं.

मुद्दाम केलेल्या चुकीनंतर काही नव्हतं. फक्त पंखा. पाचव्या वाक्यानंतर मात्र च्च आला. मी ते वाक्य तीनदा ऐकलं. तिसऱ्यांदा कळलं की मी ठोक्याच्या केसभर आधी शिरलो होतो.

शिकवणारा म्हणून मला हे नीट माहीत आहे. मुद्दाम केलेल्या चुकीला मीही च्च करत नाही. खोडी कुठली आणि चूक कुठली, हे ऐकणाऱ्याला कळतं.

डॉक्टर हळूच म्हणाली, "सर, तुमचं चुकलं होतं का तिथं?"

"तास संपला तुमचा," मी म्हणालो. अजून सहा मिनिटं बाकी होती.

३

त्याच आठवड्यात लंबूचा फोन आला. लंबू म्हणजे आमच्या जुन्या चौघांतला पियानोवाला. सहा फूट दोन इंच उंची आणि त्यात अक्कल गुडघ्यापर्यंत पोचलेली. तरुणपणी आम्ही सात वर्षं एका तळघरातल्या क्लबात वाजवलं. एक रेकॉर्ड काढली. त्या रेकॉर्डवर दुसऱ्या बाजूला माझी एक रचना होती आणि तिच्यात माझी एकट्याची दीड मिनिटं. बाकीचे तिघं थांबतात आणि फक्त गिटार चालते. त्या दीड मिनिटावर त्या वेळी लोकांनी लिहिलं होतं. हा मुलगा कुठल्या कुठं जाणार, असं लिहिलं होतं. पुढं क्लब बंद झाला, मी हॉटेलांच्या लॉबीत सूप पिणाऱ्यांच्या पाठीमागे वाजवलं, आणि लॉबीतून थेट चार नंबरच्या खोलीत आलो.

"अरे ऐक, चौघांना पुन्हा बोलावलंय," लंबू म्हणाला. "रविवारी दुपारी, तीन वाजता. मोठं सभागृह आहे. आणि तुझी ती रचना पाहिजेच म्हणतायत. ते दीड मिनिट."

"आपल्या ढोलवाल्याला अजून ठेका धरता येतो का? की आता औषधाच्या वेळा तेवढ्या सांभाळतो?"

"तू अजिबात बदलला नाहीस रे." तो हसला, पण थोड्या वेळानं. "खरं सांग, जमेल ना तुला?"

"मला?" मी म्हणालो. "माझीच रचना आहे, लंबू."

मी फोन ठेवला. लपवून काय करू? बावीस वर्षं मी या फोनची वाट बघत होतो आणि असा फोन पुन्हा येणार नाही हेही मला ठाऊक होतं. ती दीड मिनिटं मला आता वाजवता येत नव्हती. दहा-बारा वर्षांपूर्वीच एकदा करून बघितलं होतं आणि गिटार पिशवीत घालून चेन लावली होती. हे जगात कोणालाही माहीत नव्हतं.

४

घरी आतली खोली माझी. बायको बाहेरच्या मोठ्या टेबलावर बसून यंत्रांच्या माहितीपुस्तकांची भाषांतरं करते. पंप कसा उघडावा, झडप कशी पुसावी. एकोणीस वर्षं आम्ही एकमेकांच्या कामाला नाकं मुरडत सुखानं राहतोय.

मी दुपारी खोलीत बसलो, फोन स्टँडवर ठेवला आणि दीड मिनिटातले पहिले आठ ठोके वाजवले. सवयीनं पुढचे आठ मोकळे सोडले. परत आठ वाजवले. हात बरा चाललाय असं वाटलं. मग ऐकलं.

च्च नव्हता. मोकळ्या जागेत एक माणूस शांतपणे म्हणाला, "पुन्हा."

हा शब्द मी दिवसात साठ वेळा म्हणतो. 'पु'वर जोर नाही, 'न्हा' खाली सोडलेला, ऐकणाऱ्याला आपण फुकट जागा अडवतोय असं वाटावं असा. खोलीत मी एकटा होतो. खिडकी बंद होती. मी कपाटाच्या मागं पाहिलं. कपाटाच्या मागं माणूस मावत नाही हे माहीत असून पाहिलं, आणि स्वतःचीच कीव आली. म्हातारपण, दुसरं काय. माणूस स्वतःशी बोलायला लागतो आणि त्याला पत्ता नसतो.

मी पुन्हा वाजवलं. पुन्हा ऐकलं. या वेळी मोकळ्या आठ ठोक्यांत बोलणं नव्हतं, गिटार होती. माझंच वाक्य, पण बरोबर. रेकॉर्डवर आहे तसं. नव्हे, त्याहून मोकळं, एकेक सूर आपल्या जागी येऊन बसलेला. मी तसं वाजवायचा प्रयत्न केला. नाही जमलं. पुन्हा केला.

खोलीबाहेर आलो तेव्हा दोन तास होऊन गेले होते. बायकोनं चष्मा कपाळावर चढवला.

"त्याला पाणीबिणी तरी विचारायचंस," ती म्हणाली.

"कोणाला?"

"तुझ्या नव्या विद्यार्थ्याला. एकच ओळ घासतोय बिचारा, आणि तू सोडत नाहीस. इतका ढ कुठून शोधून आणलास रे?"

ती चष्मा खाली घेता घेता म्हणाली, "पण तू मधे मधे दाखवतोस ना वाजवून, ते ऐकताना माझं काम थांबलं. किती वर्षांनी असं वाजवतोयस."

मला भीती वाटायला हवी होती. खरं सांगतो, आधी अपमान वाटला. बारा हजार शब्द पंपावर लिहिणाऱ्या बाईनं मला ढ म्हणावं. भीती मग हात धुताना वाटली आणि साबण हातातून दोनदा सटकला.

५

मंगळवारी मी एक वाजताच वर्गात गेलो. घरात नको असं ठरवलं होतं. भिंतींना गालिचे आहेत, दाराला कडी आहे, फोन मी मुद्दाम घरी ठेवला होता. रेकॉर्डिंगच नाही तर ऐकू काय येणार? स्वतःच्या हुशारीवर मी खूश होतो.

माझी खुर्ची मोकळी होती. पण उशीवर खळगा होता आणि तो बघता बघता भरत होता. फोमच्या उशा अशाच सावकाश वर येतात, त्यात काही नाही. सकाळी कोणीतरी बसून गेलं असेल. व्हायोलिनवाला मेला कुठंही बसतो. तरी मी त्या खुर्चीवर बसलो नाही. बुटक्या खुर्चीत बसलो, दाराकडे पाठ करून, आणि वाजवायला लागलो.

आठ वाजवायचे, आठ थांबायचे. थांबलो की समोरून यायचं. मी मान खाली ठेवली होती, नजर स्वतःच्या बोटांवर. समोर मला फक्त चपलांची टोकं दिसत होती, आणि समोर बूट-चपला काढून ठेवायची जागा नाही, हे मी मनाला सांगत नव्हतो. वर बघितलं नाही. माझे विद्यार्थीही बघत नाहीत, त्यांना वाटतं बघितलं तर आणखी चुकेल.

मधेच माझ्या मागं दार उघडलं. कडी लावायचीच राहिली होती बहुतेक.

"अय्या, सॉरी सर," डॉक्टरचा आवाज आला. आवाज माझ्या डोक्यावरून पुढं गेला. "तुमचं चालू आहे का? मी बाहेर थांबते."

मला ओरडून सांगायचं होतं की सर इथं आहे, खाली बघा. पण वाक्य अर्ध्यावर होतं आणि ते पहिल्यांदाच जवळपास बरोबर येत होतं. दार लागलं.

मी उठलो तेव्हा पावणेपाच झाले होते. समोर खुर्ची, उशी आणि गालिचे. बाहेर बाकावर कोणी नव्हतं. घरी फोनवर डॉक्टरचा निरोप होता, बोलून पाठवलेला.

"सर, आजचा तास फार मस्त झाला. एकदाही च्च नाही केलंत! फक्त एक सांगू का? आधी जे बसले होते ना, त्यांच्यावर इतकं रागावू नका. त्यांचे हात थरथरत होते हो."

त्या दिवशी मी तिला शिकवलं नव्हतं.

६

रविवार. कार्यक्रम तीनला, घरातून दोनला निघायचं. बायकोनं माझा निळा शर्ट इस्त्री करून बाहेरच्या खुर्चीवर टाकला होता. मी अंघोळ केली, दाढी केली. दीडला म्हटलं, एकदा शेवटचा हात फिरवू. पहिलं मिनिट आता येत होतं. शेवटचं अर्धं राहिलं होतं.

वाजवलं. थांबलो.

"पुन्हा."

आता फोन वगैरे लागत नव्हता.

पुन्हा वाजवलं. गिटारच्या मानेवर तिसऱ्या पडद्यावरून सातव्यावर जाताना करंगळी मागं राहत होती. हे मी शंभर जणांना सांगितलंय, करंगळी मागं ठेवाल तर मागंच राहाल. माझी करंगळी मागं राहत होती. बाहेरून बायकोचा आवाज आला.

"अरे चल ना, दोन वाजले! लंबू खाली गाडी घेऊन आलाय."

आलोच, म्हणायला मी तोंड उघडलं. त्याआधीच बाहेरून कोणीतरी म्हणालं, "आलोच."

शर्ट झटकल्याचा आवाज. बटणं लावतानाची ती छोटी शांतता. गिटारच्या पेटीचं कुलूप, एक, दोन. माझी गिटार माझ्या मांडीवर होती. बायको काहीतरी बोलली, उत्तरावर हसली, आणि बाहेरचं दार लागलं. जिन्यात लंबूचा मोठा आवाज बराच वेळ घुमत राहिला.

मला कोणी बांधलं नव्हतं. हे मी पुन्हा पुन्हा सांगतो, कारण लोक विचारतील, उठला का नाहीस? खोलीला कुलूप नव्हतं. चार पावलं, मग खिडकी, मग हाक. पण करंगळी मागं राहत होती, आणि चुकलेल्या जागेवर मी आजवर कोणालाही उठू दिलेलं नाही. डोळ्यांत पाणी आलं तरी नाही. आधी नीट वाजव, मग जा. मी स्वतःशी म्हणालो, एकदा नीट आलं की टॅक्सी करून जाईन. पोचेन.

तीन वाजले. साडेतीन वाजले. त्या वेळी तिकडं बाकीचे तिघं थांबले असतील. मी शेवटचं अर्धं मिनिट वाजवत होतो.

७

ते परत आले तेव्हा उन्हं अजून खिडकीत होती.

किल्ली फिरली. पेटी भिंतीला टेकवल्याचा आवाज झाला. बायको हसत होती, आणि तिचं ते हसणं मला ओळखायला वेळ लागला.

"लंबू रडला रे," ती म्हणाली. "एवढा मोठा माणूस. आणि तो ढोलवाला तुझा हात सोडेचना. मी इतकी वर्षं तुझं ऐकतेय, पण आज पहिल्यांदा तू कोणाची लायकी काढत नव्हतास वाजवताना."

"हं," कोणीतरी म्हणालं. थकलेलं, समाधानी.

दार बोटभर उघडं होतं. फटीतून मला निळ्या शर्टाची बाही दिसली, आणि टेबलावर टेकवलेला डावा हात. बोटांची टोकं तारांनी कडक झालेली, पिवळट. करंगळी सरळ, बाकीच्यांच्या ओळीत. त्यापुढं दाराची कड होती आणि मी मान वाकवून आणखी बघितलं नाही.

गिटारचा सूर चुकून माझ्या हातून निघाला. बाहेर शांत झालं.

"अगं बाई," बायको हळू आवाजात म्हणाली, "हा अजून आत बसलाय? दुपारपासून? त्याला घरी जायला सांग ना. त्याच्या घरचे वाट बघत असतील."

मी तिला हाक मारली. तिचं नाव घेतलं, दोनदा. आवाज कसा निघाला कोण जाणे, ती फक्त म्हणाली, "काय म्हणतोय तो?"

"काही नाही. त्याचं अजून जमलेलं नाही."

"मग सोडून दे ना. सगळ्यांनाच कुठं येतं?"

पावलं खोलीकडं यायला लागली. सावकाश, बिनघाईची. मला ती चाल ठाऊक होती, व्हरांड्यातून ती ऐकली की चार नंबरमधला माणूस आत घाईघाईनं बोटं तारांवर ठेवतो आणि निदान सुरुवात तरी बरोबर यावी म्हणून धडपडतो. मी घाम मांडीला पुसला. खुर्चीच्या कडेला सरकलो, पाठ ताठ केली, करंगळी जिथं असायला हवी तिथं दुसऱ्या हातानं दाबून बसवली. दार उघडलं तेव्हा मी मान वर केली नाही. पहिल्या सुरापासून वाजवायला सुरुवात केली.